डेड्झाचा हापसा आणि सोलापूरचा पाहुणा

दिवस १, २२ जून

बॅगेत काय होतं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. चाळीस कडक भाकऱ्या, दीड किलो शेंगाचटणी, दोन सोलापुरी चादरी (गिफ्ट द्यायला), सहा हाफ शर्ट आणि तळाला माझे स्वतःचे पाने, चेन पाना, पाइप धरायचे क्लॅम्प, एकूण नऊ किलो लोखंड. स्वेटर एकही नाही. आफ्रिकेत कशाला लागतोय स्वेटर, हे माझंच वाक्य, बायकोने तीनदा विचारलं होतं.

मी सोलापूरचा. पंधरा वर्षं हापसे दुरुस्त करण्यात गेली, आधी सरकारी गाडीवर कंत्राटी म्हणून, नंतर एका संस्थेत. त्यांच्या ओळखीतून कळलं की मलावीत डेड्झा जिल्ह्यातल्या एका गावात हापसा दुरुस्ती शिकवायला माणूस पाहिजे, पगार नाही, राहणं-जेवण गावातच, सहा महिने. मलावी कुठं आहे ते मी मुलीच्या ॲटलासमध्ये शोधलं, झांबिया, टांझानिया आणि मोझांबिकच्या मधली ती लांबुळकी पट्टी, तिच्या अंगाला चिकटलेलं मोठं तळं. पोरगी म्हणाली पप्पा जाच. बायको काहीच म्हणाली नाही, दुसऱ्या दिवशी शेंगा भाजायला घेतल्या, तेव्हा समजलो परवानगी मिळाली.

मुंबईहून अदिस अबाबा, तिथून लिलाँग्वे. विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडली आणि चेन पाना बाहेर काढून टेबलावर ठेवला, मग क्लॅम्प, मग चटणीची पिशवी. लाल पावडर बघून त्याचं तोंड बदललं. मी बोटावर चिमूटभर घेऊन खाऊन दाखवली, शेंगदाणे म्हणालो इंग्लिशमध्ये, त्याने पण वास घेतला, आणि मग एकदम हसला आणि म्हणाला आमच्याकडे पण असतं, पण तिखट नसतं. पाने त्याला जास्त खटकले होते. पिवळं कार्ड (यलो फीव्हरचं) बघितलं, शिक्का मारला, झालं.

दिवस २

लिलाँग्वे १९७५ पासून राजधानी आहे, त्याआधी झोंबा होती. शहराचे भाग नंबराने ओळखतात, एरिया दोन, एरिया तीन, एरिया सत्तेचाळीस असं, आणि नंबर एकापुढे एक लागत नाहीत, तीनच्या शेजारी चार असेलच असं नाही. सिम घेतलं एअरटेलचं. लाल पाटी बघून उगाच बरं वाटलं.

संस्थेच्या ऑफिसात दिवसभर माहिती. मलेरियाची गोळी कधी घ्यायची, मच्छरदाणी कशी खोचायची, पैसे कुणाला उसने द्यायचे नाहीत. सगळ्यात कामाचं शेवटी सांगितलं, ते म्हणजे रामराम कसा करायचा. सकाळी भेटलं की "म्वाड्झुका ब्वांजी", म्हणजे कसे उठलात, त्याला उत्तर "न्दाड्झुका ब्वीनो, काया इनु", म्हणजे बरा उठलो, तुम्ही? मग समोरचा सांगणार तो पण बरा उठला, मग तुम्ही झिकोमो (म्हणजे धन्यवाद) म्हणणार, तो झिकोमो म्हणणार. दुपारनंतर उठण्याच्या जागी दिवस कसा घालवला ते विचारायचं. हे पूर्ण झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, रस्ता विचारायचा असला तरी. मी हातावर पेनाने लिहून घेतलं.

दिवस ३

एम वन रोडने डेड्झाला निघालो, साधारण ८५ किलोमीटर. रस्ता हळूहळू चढत जातो, दोन्ही बाजूला पिवळं गवत आणि मक्याची काढून ठेवलेली धाटं, मधेच पोरं काठीला टोचलेले भाजके उंदीर गाडीपुढे नाचवतात, विकायला. ड्रायव्हरने विचारलं घेऊ का. मी नको म्हणालो, त्याने स्वतःपुरती एक काठी घेतली. डेड्झाच्या आसपास रस्ता मोझांबिकच्या हद्दीला इतका चिकटून जातो की एका ठिकाणी ड्रायव्हर म्हणाला ती पलीकडची टपरी दुसऱ्या देशात आहे. मी टपरीचा फोटो काढला, टपरीसारखी टपरी.

डेड्झाला बोमा म्हणतात, म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण. उंची सोळाशे मीटरच्या आसपास. गाडीतून उतरलो आणि हाफ शर्टात काटा आला. जून-जुलै म्हणजे यांची थंडी, हे ॲटलासमध्ये लिहिलेलं नसतं.

बोमापासून आत बावीस किलोमीटर कच्चा रस्ता. गावात पोचलो तर मोठ्या झाडाखाली सगळे बसलेले, बायका एका बाजूला चटयांवर, पुरुष दुसऱ्या बाजूला, मला खुर्ची. गावाचा प्रमुख, त्यांना म्फुमू म्हणतात, वयस्कर, कोट घातलेला. मी उभा राहून हातावरचं वाचत म्वाड्झुका ब्वांजी म्हणालो. दुपारचे साडेतीन वाजले होते. इतक्या वेळाने कसे उठलात विचारतोय म्हटल्यावर अख्खी सभा हसली, बायकांनी तर टाळ्या वाजवल्या.

म्फुमू मग उभे राहिले आणि एक म्हण म्हणाले, म्लेन्दो न्दी अमेने अमाड्झा न्दी कालुमो काकुथ्वा. म्लेन्दो म्हणजे पाहुणा. पाहुणा तोच जो धारदार वस्तरा घेऊन येतो. म्हणजे घरच्यांना जे कापता येत नाही ते बाहेरून आलेला कापतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नऊ किलोच्या बॅगेकडे बघितलं आणि पोटात गोळा आला खरं सांगतो.

एक चादर म्फुमूंना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, उलगडली, लाल-पांढरी नक्षी सगळ्यांना दाखवली आणि कोटावरून अंगावर घेतली. त्यानंतर मी त्यांना चादरीशिवाय फार कमी वेळा बघितलं. दुसरी चादर गिफ्ट द्यायची होती ती रात्री मी पांघरली आणि आजपर्यंत मीच पांघरतोय.

दिवस ४

माझं घर म्हणजे अगोगोंच्या अंगणातली एक खोली, भाजक्या विटांची, वर पत्रा. अगोगो म्हणजे आजी. आजी, तिची मुलगी, जावई आणि चार नातवंडं. इथल्या चेवा लोकांत घर आईकडून चालतं, लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो. म्हणजे आपल्याकडे ज्याला घरजावई म्हणून टोमणे मारतात ती इथली रीतच. जावयाला म्कामविनी म्हणतात. हा आमचा म्कामविनी पाच वर्षं जोहान्सबर्गला काम करून आलेला (इथं सगळे जोनी म्हणतात), त्यामुळे इंग्लिश चांगलं, तोच माझा दुभाषा झाला.

सकाळी सहाला दारात आवाज, "ओडी, ओडी!" दार वाजवायची पद्धत नाही, बाहेरून ओडी म्हणायचं, आतल्याने ओडीनी म्हणायचं. बाहेर थोरली नात, बारा-तेरा वर्षांची, आंघोळीचं गरम पाणी घेऊन आलेली. बादली ठेवली आणि गुडघे टेकून खाली मान घालून बसली, मी ऊठ ऊठ म्हणून ओरडलो तर ती घाबरली. म्कामविनीने नंतर समजावलं, मोठ्यांना काही देताना अशीच पद्धत आहे, तू तिला उठवलंस म्हणजे तिला वाटलं तिचं काही चुकलं.

आंघोळीला गवताचा आडोसा, त्याला बाफा म्हणतात, वर आभाळ. थंडीत वाफ निघणाऱ्या पाण्याने अशी आंघोळ म्हणजे सुख. पण मग डोक्यात आलं की पाणी आलं कुठून, कारण गावचा हापसा तर बंद, त्यासाठीच मी आलोय. विचारलं. पलीकडच्या गावातून, जाऊन येऊन तासभर, आणि तिथं रांग. पोर पहाटे चारला उठून गेली होती. माझी आंघोळ त्या दिवसापासून अर्ध्या बादलीत.

दिवसभर पोरांचा घोळका मागे, "म्वेन्ये! म्वेन्ये!" म्वेन्ये म्हणजे इंडियन. गोऱ्या माणसाला मझुंगू आणि आपल्याला म्वेन्ये, आणि म्वेन्ये म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यापुढे येतो तो दुकानदार. मलावीतले जुने भारतीय बहुतेक गुजराती, कापडाचे, हार्डवेअरचे व्यापारी. संध्याकाळपर्यंत तीन बायकांनी मला चिटेंजेचा भाव विचारला (चिटेंजे म्हणजे कमरेला गुंडाळायचं ते छापील कापड, त्यातच पोर पाठीला बांधतात), एका म्हाताऱ्याने सायकलच्या ट्यूबचा. माझं दुकान नाही म्हणालो. म्हाताऱ्याने म्कामविनीला काहीतरी विचारलं, तो हसायला लागला. म्हाताऱ्याचा प्रश्न होता, दुकान नाही तर मग हा म्वेन्ये खातो काय?

दिवस ५ ते ७

काहीच नाही झालं. म्हणजे कामाचं.

पाचव्या दिवशी हापसा बघून आलो. इथं त्याला म्जिगो म्हणतात. भोवतीचा सिमेंटचा कट्टा स्वच्छ झाडलेला, कुंपण नीट, हापसा मात्र कोरडा, शंभर हापसे मारले तर एक चूळ पाणी. उघडू का विचारलं, नाही म्हणाले. आधी पाण्याची कमिटी बसणार, दहा जणांची, त्यात सहा बायका, मग भागातल्या मेकॅनिकला निरोप, मग उघडायचं. बरं, कमिटी कधी? उद्या.

उद्या शेजारच्या गावात कोणीतरी वारलं. मयतीला इथं मालिरो म्हणतात आणि मालिरो असलं की सगळं बंद, शेत नाही, मीटिंग नाही, नात्यातलं असो नसो जायचंच. मी पण गेलो, पुरुषांच्यात जमिनीवर बसलो, बायका आत रात्रभर गात होत्या, प्रत्येक घरातून पीठ किंवा सरपण आलेलं. माझ्याकडे काय, मी पाच भाकऱ्या नेल्या होत्या. कुणी तरी त्या पिठाच्या टोपलीवर नीट रचून ठेवल्या. आपल्याकडे गावात मयत झाली की चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणतात, मला त्यात परकं काही वाटलं नाही. परकं एवढंच वाटलं की मला रडणाऱ्यांची भाषा येत नव्हती.

सातव्या दिवशी पोट बिघडलं. एवढंच लिहितो.

रात्री बायकोचा फोन. इथले सात म्हणजे सोलापूरचे साडेदहा. अहो किती हापसे झाले? म्हटलं एक पण नाही. मग काय करताय दिवसभर? म्हटलं लोक कसे उठले ते विचारतोय.

दिवस ८

आज कामाला लागलो, हापशाच्या नाही.

संध्याकाळी अगोगोंच्या अंगणात शेंगांचा ढीग, मका मे महिन्यात न्खोक्वेत गेलेला (न्खोक्वे म्हणजे कणगी, विणलेली, खाली पाय असलेली, आपल्याकडे पूर्वी असायची अगदी तशी), आता शेंगा फोडायचं चालू होतं. आजी, लेक, शेजारच्या दोघी, पोरं, सगळे चटईवर. मी खुर्चीवर. पाहुण्याला खुर्ची, पाच दिवस मी त्या खुर्चीवर बसून कंटाळलो होतो. उठलो आणि चटईवर बसलो आणि फोडायला लागलो. आता शेंगा फोडणं ही गोष्ट अशी आहे की सोलापुरात जन्मलेल्या माणसाला शिकवावी लागत नाही, दोन बोटांत धरून टोकाला दाब दिला की टच्च. अगोगोंनी माझा हात बघितला, मग माझ्यासमोरचा ढीग बघितला, मग शेजारणीला काहीतरी म्हणाल्या. म्कामविनी म्हणाला त्या म्हणतात याला घरी कोणीतरी कामाला लावलेलं आहे.

मग मी चटणी आणली. त्यांच्याकडे शेंगदाण्याचा कूट असतो, न्सिंजिरो, तो पालेभाजीत घालतात. भोपळ्याची पानं, राजगिऱ्याची पानं, त्यात टोमॅटो आणि हा कूट, लसणाची फोडणी सोडली तर आपलीच भाजी. हिला न्दीवो म्हणायचं, आणि मुख्य जेवण न्सिमा, मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, हाताने गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि भाजी उचलायची. पहिले दोन दिवस मला ती बेचव लागली, आता न्सिमा नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही. तर चटणी. अगोगोंनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. आम्ही सगळे वाट बघतोय. डोळ्यातून पाणी आलं, खोकला आला, नातीने पाणी दिलं, आणि आजींनी हात पुढे केला, अजून.

दुसऱ्या दिवशी मला थोब्वा मिळालं, मका आणि मोड आलेल्या धान्याचं आंबूस-गोड पेय, आपल्या आंबिलीची चुलत बहीण. चटणीच्या बदल्यात आंबील. व्यवहार चोख.

जेवताना पुरुष वेगळे बसतात, म्हणजे मी आणि म्कामविनी दोघंच. हात धुवायला पोर तांब्याने पाणी घालते, आधी मला. मी त्याला म्हणालो अजून किती दिवस मी पाहुणा? तो म्हणाला, मी या गावात नऊ वर्षं झाली, तीन मुलं इथली, अजून म्लेन्दोच आहे. हसत म्हणाला पण पुढचा घास जरा हळू गेला. इथं जमीन बायकोकडची, पोरं बायकोच्या कुळातली, ती वारली तर तो परत आपल्या आईच्या गावी. त्याचं काय दुखतं ते आपल्याकडच्या कुठल्याही सुनेला सांगावं लागणार नाही.

दिवस ९

बोमाला बाजारासाठी निघालो, कबाझाने, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, टीव्हीएसची गाडी, मी मागे. अर्ध्या वाटेत पोराने एकदम गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली बघत उभा राहिला. समोरून एक आकृती येत होती, अंगभर चिंध्या, तोंडावर लाकडी लाल मुखवटा, हातात फोक. आजूबाजूची पोरं ओरडत शेतात पळाली. तो आमच्यापुढे थांबला, माझ्याकडे मुखवटा वळवला, चांगला दहा सेकंद, आणि गेला.

ते गुले वाम्कुलु, चेवा लोकांचं मोठं नृत्य. युनेस्कोच्या यादीत आहे ते वगैरे मला नंतर कळलं. आत माणूस आहे असं म्हणायचं नाही, तो पूर्वजांचा आत्मा किंवा रानातलं जनावर असतो, कापणीनंतर आणि मयतीच्या वेळी निघतात. मी फोन काढला नाही. लहानपणी पोतराज दारात आला, आसूड वाजला की मी आजीच्या पदरामागे जायचो, तेच झालं, वय फक्त त्रेचाळीस आहे आणि पदर नव्हता. कबाझावाला पुढचे पाच किलोमीटर एक शब्द बोलला नाही.

दिवस ११

मेकॅनिक आल्या. हो, आल्या. पन्नाशीच्या बाई, डोक्याला फडकं, सायकलवर, मागे एक कापडी पिशवी. सगळे अमायी म्हणतात, आई, कुठल्याही मोठ्या बाईला म्हणतात तसं. रामराम नीट पार पडला, मला आता हाताकडे बघावं लागत नाही. मी माझी नऊ किलोची बॅग उघडून कट्ट्यावर मांडली, चेन पाना, क्लॅम्प, सगळं. अमायींनी एकेक वस्तू उचलून बघितली, कौतुक केलं, खाली ठेवली. मग पिशवीतून एक पाना काढला. एकच. आणि एक आकडा असलेली सळई.

इथं जरा थांबून सांगतो कारण माझा पंधरा वर्षांचा माज इथं उतरला. आपला इंडिया मार्क टू, जो आपल्या गावोगावी आहे, त्याचं मूळ जालना आणि सोलापूरकडच्या हापशांत आहे. सत्तरच्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफने त्यावरून मार्क टू घडवला आणि तो जगभर गेला, इथं शेजारी झांबियात तोच आहे. लै दणकट. पण आतला वॉशर गेला की लोखंडी पाइप एकेक करून वर ओढायचे, चार-पाच माणसं, क्लॅम्प, दिवसाचं काम, म्हणून गाडी येईपर्यंत गाव बसून. इथला हापसा अफ्रिडेव्ह. ऐंशीच्या दशकात केनिया आणि मलावीत घडलेला, आणि करतानाच ठरवलेलं की गावातल्या बाईला एका पान्याने उघडता आला पाहिजे. पाइप प्लास्टिकचा आणि खालचं सिलिंडर वरून मोकळं, त्यामुळे पाइप न हलवता नुसत्या सळया वर ओढल्या की दट्ट्या हातात. कागदावर मला हे माहीत होतं, ट्रेनिंगला चित्र बघितलेलं. अमायींनी आणि कमिटीतल्या दोघींनी चाळीस मिनिटांत सगळं बाहेर काढून चिटेंजेवर मांडलं. दट्ट्याचं रबर (यू सील) झिजलेलं, आतल्या झडपेचं बॉबिन चिरलेलं. ते बदललं. परत बसवलं. हापसलं.

पाणी नाही.

अमायींनी माझ्याकडे बघितलं. मग मी पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणालो पाइप. कान लावून बघा, हापसताना खालून चुळचुळ ऐकू येते, पाणी वर येता येता बाहेर पळतंय. त्यांनी कान लावला. बराच वेळ. मग मान हलवली आणि म्हणाल्या, पाइप म्हणजे पैसे.

दिवस १२

पाइप काढला, अख्खा, कारण जोड सिमेंटने चिकटवलेले, सुटे होत नाहीत. तीस मीटर प्लास्टिकचा पाइप सरळ आभाळात चढत गेला आणि वाकायला लागला, मग खाली माणसं ओळीने उभी, खांद्यावर झेलत झेलत पुढे सरकतायत, टोक शेतात पोचलं तरी मागून येतोच आहे. आमच्याकडे गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज पेलतात, तो तोल सांभाळायची जी ओरड असते ना, हाळी, तीच. म्फुमू चादर सावरत मधे आले, त्यांना बायकांनी बाजूला काढलं. खालून दुसऱ्या जोडाला बोटभर चीर. आणि अजून दोन ठिकाणी सळयांनी घासून पाइप कागदासारखा झालेला.

माझे क्लॅम्प? त्यातला एक पाइप खाली घसरू नये म्हणून तोंडाशी लावला. तेवढाच उपयोग, पण झाला.

दिवस १३, १४

पैशाची मीटिंग, दोन दिवस. दर घरामागे महिन्याला वर्गणी असते, ती खजिनदार बाईच्या पत्र्याच्या पेटीत, पेटीला तीन कुलुपं, तीन चाव्या तिघींकडे. एक चावीवाली माहेरी गेलेली, ती येईपर्यंत एक दिवस. पैसे मोजले, थोडे कमी पडत होते. मी द्यायला तयार होतो, खिशात होते, म्कामविनीने माझा हात धरला, म्हणाला आज तू दिलेस तर पुढच्या वेळी पेटी उघडणारच नाही. कमी पडलेले चार जणींनी कोंबड्या आणि शेंगा विकून भरायचं ठरलं.

मग प्रश्न आला आणायला कोण जाणार लिलाँग्वेला. अमायी, त्या तर हव्यातच. आणि एका म्हातारीने उठून सांगितलं, दुकानदार म्वेन्ये आहे, आपला पण म्वेन्ये आहे, याला पाठवा, भाव कमी करून आणेल. सगळ्यांना पटलं. म्फुमूंनी परत ती वस्तऱ्याची म्हण म्हटली. तर ही माझी धार.

दिवस १५, ६ जुलै

सुट्टी. १९६४ मध्ये याच दिवशी मलावी ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला. शाळेच्या पटांगणात पोरांची कवायत, गाणी, भाषणं, बुंदीचा लाडू तेवढा नव्हता. दुकानं बंद, त्यामुळे आजही पाणी पलीकडच्या गावाहूनच.

दिवस १६

पहाटे मिनीबसने मी आणि अमायी. बारा सीटच्या गाडीत एकोणीस आणि दोन कोंबड्या.

जुन्या बाजारात, एरिया दोनमध्ये, हार्डवेअरच्या दुकानांची ओळच आहे. आत शिरलो तर गल्ल्यावरचे काका, "केम छो". मी हिंदीत, ते हिंदी-गुजराती-इंग्लिश-चिचेवा सगळ्यात. सोलापूर? हां हां, चादर! चहा आला, आलं घातलेला, पंधरा दिवसांनी, मी तर जिंकलोच होतो. त्यांच्या आजोबांचं दुकान आधी आत एका खेड्याच्या बाजारपेठेत होतं, सत्तरच्या दशकात अध्यक्ष बांदांच्या राजवटीत भारतीय व्यापाऱ्यांना खेडी सोडून शहरात यायला लावलं, तेव्हा ते इथं आले. सांगताना आवाज साधाच होता, जसं पाऊस उशिरा आला सांगावं. मला तो म्हातारा आठवला, दुकान नाही तर खातो काय.

मग भावाचं बोललो. काकांनी हसून मला अजून एक चहा पाजला, पाइपचा एक क्वाचा (इथला रुपया) कमी केला नाही.

तेवढ्यात अमायी मागच्या गोडाऊनमध्ये शिरल्या होत्या. प्रत्येक पाइप उचलून टोकाला अंगठ्याने जाडी बघत होत्या, दोन बाजूला काढले, हे पातळ आहेत. मग एका जागी उभ्या राहून शांतपणे बोलत राहिल्या, आवाज न चढवता, वीसेक मिनिटं. मला शब्द कळत होते ते फक्त म्जिगो आणि मादझी, पाणी. शेवटी चिकटवायचं सिमेंट फुकट, यू सीलचे दोन जास्तीचे पॅक निम्म्या भावात. पॅकवर बघतो तर मेड इन इंडिया. काका मला मराठीसारखं काहीतरी बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, ही बाई डेंजर आहे.

पाइप मिनीबसच्या टपावर बांधले. गावात पोचलो तेव्हा अंधार, पण सगळे जागे. अमायींनी सांगितलं सिमेंट फुकट मिळालं. म्हातारीने माझ्याकडे बोट केलं, बघा मी म्हणलं होतं ना, म्वेन्ये पाठवा. मी अमायींकडे बघितलं. त्या पाइप मोजत होत्या, त्यांनी काहीच दुरुस्ती केली नाही.

दिवस १७

जोड चिकटवले, एकेक करून खाली सोडला, रात्रभर वाळू द्यायचं ठरलं. हापशाला काट्या लावून ठेवल्या, पोरं हात लावतील म्हणून. पोरं नाही, म्फुमूच दोनदा येऊन हँडल बघून गेले.

दिवस १८

सकाळी सातला अमायींनी हँडल धरलं. आधी हवा, मग खरवड्या आवाजात गढूळ पाणी, मग स्वच्छ. ओरडा, आरोळ्या, बायकांची ती जिभेची लुलुलु. मग तपासणी, मिनिटभरात चाळीस हापसे, बादली किती भरते. भरली. मग अर्धा तास थांबायचं आणि मोजायचं किती हापशांत पाणी परत येतं, खालचा वाल गळत नाही ना बघायला. हा अर्धा तास फार लांब गेला, सत्तर-ऐंशी माणसं आणि कोणी बोलत नाही. अमायींनी हँडल मला दिलं. एक, दोन, तिसऱ्याला पाणी.

त्यानंतर माझ्याकडे कोणी बघितलं नाही, बादल्या होत्या ना.

मी खोलीवर गेलो, माझी बादली घेतली आणि येऊन रांगेत उभा राहिलो. पुरुष पाणी भरत नाहीत इथं, पुढच्या बायका वळून वळून हसायला लागल्या, कुणीतरी म्हणालं याला पुढे घ्या, पाहुणा आहे. थोरली नात माझ्या दोन नंबर पुढे होती. तिने मागे बघितलं, माझी बादली बघितली, आणि काहीतरी बोलली त्यावर सगळ्याच गप्प झाल्या आणि रांग होती तशी राहिली. म्कामविनी तिथं नव्हता, त्यामुळे ती काय बोलली ते मला कळलं नाही.

माझा नंबर अकरावा होता.